घड्याळाची पेटी मिरवायला, मुक्कामाला नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

एचएमटीचा घड्याळ-कारखाना बंद करायला सरकारने २०१६ साली मंजुरी दिली, तेव्हापासून तिच्या 'जनता', 'पायलट' या घड्याळांच्या मूळ पेट्यांनाही गिऱ्हाईक आहे. ओढ रास्तच आहे. झाकण उघडले की मखमली गादी आणि खाली घडी घातलेले गॅरंटी कार्ड! त्यावर बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एखाद्या दुकानाचा शिक्का नि खरेदीची तारीख असेल तर दुधात साखर. मात्र रिकामी पेटी सुटीही विकत मिळते आणि कुठल्याही घड्याळाखाली सरकवता येते. कार्डावर नंबर लिहिलेला असेल तर तो घड्याळाच्या मागच्या झाकणाशी ताडल्याशिवाय पेटीचे जादा पैसे मोजू नयेत.

घड्याळ मात्र त्या पेटीत वर्षानुवर्षे ठेवू नये. गादीतला जुना फोम बडोद्याच्या पावसाळी दमटपणात आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो आणि तो चावीच्या फटीतून आत जातो. रेक्झिनचे पापुद्रे पट्ट्याला चिकटतात, ते वेगळेच.

नव्या, चुंबकाने 'टक्' करून मिटणाऱ्या पेट्या तर चावीच्या घड्याळांना सरळ घातक. हेअरस्प्रिंगला, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पुढे पळू लागते. पेटी घेताना झाकणाच्या कडेवरून टाचणी फिरवावी; खेचली गेली तर पेटी परत करावी. घड्याळाबद्दल शंका असेल तर ते चालू स्थितीत होकायंत्राशेजारी धरावे. सुई थरथरत राहिली तर घड्याळजीकडे न्यावे. त्याच्या यंत्रावर चुंबकत्व काही सेकंदांत उतरते. उगाच 'सर्व्हिसिंग'चे पैसे देऊ नयेत.

घड्याळ मऊ सुती कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवावे, सोबत सिलिका जेलची पुडी. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते बदलावेत. चामडी पट्टा काढून वेगळा ठेवावा, कारण फार कोरड्या हवेत तो तडकतो. क्वार्ट्झ घड्याळातला सेल आधी काढावा. डांबरगोळ्या कपाटाच्या त्या खणात नकोतच. त्यांची वाफ प्लॅस्टिकच्या काचेवर नि डायलवर बसते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीच्या पुरात भिजलेल्या पेट्या अजून कुणाच्या माळ्यावर असतील, तर त्यांतली कार्डे बाहेर काढावीत. बुरशीची पूड मऊ ब्रशने घराबाहेर झटकावी, नाकाला रुमाल बांधून. कार्डाला लॅमिनेशन मुळीच करू नये.

आपला,
एक संग्राहक, दांडिया बाजार, बडोदे