छडी आणि आकडी

स्विंडन, इंग्लंड
6 जुलै

प्रिय बेबी,

सप्रेम सलाम.

तुझा निरोप मिळाला. तुझा अभि कुणाचंच ऐकत नाही, ताट ढकलून देतो, आणि आई म्हणते, "दोन रट्टे दे, शास्त्रातच सांगितलंय." फोनवर बोलले असते तर घाईघाईत काहीतरी बोलून गेले असते, म्हणून लिहायला बसले.

मे महिन्यात आपण म्हापशाला मावशीकडे जमलो होतो ना, तेव्हाची एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. शुक्रवारी तुम्ही सगळे बाजाराला पुढे गेलात. माझी रूथ बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, शिंपले मांडत बसली होती आणि मी आतून ओरडत होते, "चपला घाल, चपला घाल." चार वेळा ओरडले. पाचव्या वेळी बाहेर आले आणि फाडकन तिच्या गालावर मारली. ती रडली नाही. खाली मान घालून तिने चपला घातल्या, उजवी डाव्या पायात. बाजारभर तशीच चालली. रविवारी चर्चला जाताना तिचे केस विंचरायला मी हात वर केला, तर तिने डोळे गच्च मिटून घेतले. ते मिटलेले डोळे मला इथवर पुरलेत. चपला तर घातल्या, पण त्याला 'ऐकलं' कसं म्हणू?

मावशीने सगळं पाहिलं होतं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तिची उभी हयात गोव्यात बालवाडीच्या पोरांत गेली, तिला बोलायची गरजही नव्हती. त्या दुपारी हाताला खोबरेल लावून ती फणस फोडायला बसली. तू आत झोपली होतीस. अभि सुरीजवळ घुटमळायला लागला. मी असते तर लांबूनच किंचाळले असते. मावशीने सुरी बाजूला ठेवली, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर वाकली, नाव घेतलं आणि एकच सांगितलं, "अभि, आठळ्या सुपात टाक." मग गप्प बसली. चांगली दहा अंक मोजण्याइतकी. तो हलला नाही, तेव्हा त्याचा हात हातात घेऊन पहिली आठळी दोघांनी मिळून टाकली. पुढच्या पन्नासेक त्याने एकट्याने टाकल्या.

मध्येच त्याने एक आठळी मांजरीला फेकून मारली. मावशीने सूप उचलून मागे ठेवलं. "मांजरीला लागतं. आता सूप थोडा वेळ माझ्याकडे." मग हे रडणं! अंग टाकून दिलं त्याने. ती ओरडली नाही, आणि सूपही परत दिलं नाही. त्याच्या शेजारी बसून गरे काढत राहिली. हुंदके थांबल्यावर विचारलं, "आता?" तो उठला, मांजरीमागची आठळी शोधून घेऊन आला. मावशी मला एवढंच म्हणाली, "जे करून घेणार नाहीस ते सांगू नको. सांगितलंस तर उठून करून घे, जागेवरून ओरडू नको."

बघ ना, आपल्या भाषेत ऐकणं म्हणजे कानांनी ऐकणंही आणि मानणंही. चार वर्षांचं पोर खेळात बुडालेलं असलं की आपला आवाज त्याच्या कानात शिरतच नाही, आणि आपण त्याला उद्धट ठरवतो. इथल्या नर्सरीत बाई 'धावू नको' म्हणत नाहीत, 'चालत ये' म्हणतात. काय करायचं ते सांगितलं की त्याला करता येतं. खेळ मोडायच्या आधी 'अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी' असं बजावून ठेवलं तर निम्मी रडारड वाचते.

आता आईच्या छडीबद्दल. बायबलच्या नीतिसूत्रांत मुलाला छडी लावण्याचं वचन आहे, ते मी नाकारत नाही. पण तिथली छडी आणि 23व्या स्तोत्रातली 'आकडी' हे मूळ हिब्रूत एकाच शब्दाचे अर्थ आहेत, शेवेट. आईला आपल्या नगरकडच्या धनगरांची आठवण करून दे. आकडीने ते बाभळीची फांदी खाली ओढून शेरडांना शेंगा खाऊ घालतात. स्तोत्र गाणारा दावीद स्वतः मेंढपाळ, तो म्हणतो की ती आकडी मला धीर देते. माझ्या हाताने रूथला धीर दिला नाही. आणि बायबलमधल्या इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात मुलांना आज्ञेत राहा सांगितल्यावर लगेच बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका. ते वचन आपल्या घरात कधी मोठ्याने वाचलं गेलं नाही. आपण लहानपणी खाल्लेला मार आठव. मला कशासाठी मारलं ते एकदाही आठवत नाही, मारणारा चेहरा मात्र आठवतो. शेजारच्या वेल्समध्ये तर 21 मार्च 2022 पासून आईबापांनीही मुलांवर हात उचलणं कायद्याने बंद आहे.

अभि आधी 'नाही' म्हणतो याचं फार मनाला लावून घेऊ नको. येशूने सांगितलेल्या दोन मुलांतला पहिलाही आधी 'जात नाही' म्हणाला आणि नंतर द्राक्षमळ्यात गेला. बापाची इच्छा त्यानेच पाळली. अभिला ते 'नंतर' मिळू दे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगते. येशूची कथा ओव्यांत सांगणारं ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स मूळचे आमच्या या विल्टशायरचेच. 1579 साली गोव्यात आले, आपली भाषा शिकले आणि मराठीत दहा हजारांवर ओव्या रचल्या. 1616 मध्ये गोव्यातल्याच रायतूरला ग्रंथ छापला गेला. लोकांनी ऐकावं म्हणून आधी लोकांची बोली शिकले. रूथच्या उंचीला वाकताना मला हल्ली त्यांची आठवण येते.

गोव्यातून निघायच्या आदल्या रात्री मच्छरदाणीत मी रूथची माफी मागितली. म्हटलं, "त्या दिवशी मम्मीने मारलं, ते चुकलं. मी प्रभूलाही सांगितलंय." ती बराच वेळ माझ्या बांगडीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "परत नको मारू." मी नाही मारलं. ओरडले दोनदा, पण मारलं नाही.

मावशीच्या शेजारची पोरं संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर मोठ्यांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायला यायची, तुला आठवतं? रूथ ते शिकून आली आहे. रोज झोपताना हात जोडून समोर येते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवते. गेल्या आठवड्यापासून तिने डोळे मिटणं सोडलंय.

हे पत्र आईला वाचून दाखव, छडीचा भाग गाळू नको. शनिवारी फोन करते, अभिला जवळ बसव.

तुझी,
ताई