गॅव्हिन ब्रायर्स यांना, एका पेटीवालीकडून

आदरणीय ब्रायर्स सर,

मी सांगलीत राहते आणि पेटी वाजवते. बायकांची भजनी मंडळं, गावोगावची कीर्तनं, अधूनमधून एखाद्याचं तबल्याचं सोलो वादन, अशा ठिकाणी साथीला बसणं हे माझं काम. तुम्ही दूर इंग्लंडमधले संगीतकार, पण तुमच्या संगीताने या कामात मला फार मोठी मदत केली, तिचे आभार मानायला हे पत्र लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण माझ्यासारखं साथीला बसणाऱ्या आणखी कुणी हे वाचावं आणि तुमचं संगीत शोधून ऐकावं, अशीही इच्छा आहे. त्यांच्यासाठी तुम्हाला ठाऊक असलेल्याच काही गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील.

१९७१ साली तुमचे मित्र ॲलन पॉवर लंडनमध्ये एलिफंट अँड कासल आणि वॉटर्लू स्टेशनच्या परिसरात उघड्यावर राहणाऱ्या माणसांवर एक माहितीपट करत होते. चित्रीकरणात काहींनी दारूच्या तारेत गाणी म्हटली, कुणी ऑपेराचे तुकडे म्हटले. एका म्हाताऱ्याने मात्र, जो दारू पीत नव्हता, एक भक्तिगीत म्हटलं. येशूच्या रक्ताने मला आजवर कधी अंतर दिलं नाही, अशा अर्थाचं. माहितीपटात तो तुकडा घेतलाच नाही, आणि न वापरलेल्या टेपा तुमच्याकडे आल्या. घरी ऐकताना तुमच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याचा सूर तुमच्या पियानोशी जुळतो आहे. तुम्ही त्याखाली साधे स्वरमेळ धरून पाहिले. गाण्याचा पहिला भाग पाश्चात्त्य मोजणीने १३ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), अर्ध्या मिनिटाहूनही कमी. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून लागावा, अशी त्याची ठेवण होती.

तेव्हा तुम्ही लेस्टरला कला विभागात शिकवत होतात. तो तुकडा एका टेपवर सलग उतरवायला लावून तुम्ही कॉफी आणायला गेलात आणि खोलीचं दार उघडं राहिलं. बाजूला चित्रकलेचा मोठा स्टुडिओ होता. परत आलात तेव्हा एरवी गजबजलेल्या त्या स्टुडिओत माणसं हळू आवाजात बोलत होती, हळूहळू चालत होती, आणि काही जण एकटेच बसून रडत होते. हा प्रसंग तुम्ही स्वतः लिहून ठेवला आहे. साथ अजून चढलेलीच नव्हती, फक्त म्हाताऱ्याचा आवाज फिरून फिरून येत होता. त्यानंतर तुम्ही जे केलं, त्यासाठी मी तुम्हाला गुरुस्थानी मानते. तुम्ही त्या आवाजाला हात लावला नाही.

त्या आवाजातून झालेली 'जीझस ब्लड नेव्हर फेल्ड मी येट' ही तुमची रचना मी साथीदाराच्या कानाने ऐकते. सुरुवातीला तो एकटा असतो. लांबून येत असल्यासारखा. बराच वेळ तेवढंच. मग तंतुवाद्यं येतात, अगदी खालच्या पट्टीत, लांब स्वर धरून. त्याचा श्वास जिथे तुटतो तिथेच ती श्वास घेतात. त्याची लय घड्याळाची नाही, एखादा शब्द तो ओढतो, एखादा गिळतो. वादकांच्या अख्ख्या ताफ्यातलं कुणी त्याला पुढे रेटत नाही की मागे खेचत नाही. हळूहळू ऑर्केस्ट्रा भरत जातो, आणि इतका भरतो की एका थकलेल्या माणसाच्या गळ्याभोवती एवढं वैभव कसं पेलणार, असं वाटावं. तरी वर आवाज त्याचाच राहतो. एखादं वाद्य त्याच्याहून सुरेल असेल, पण ते त्याला तसं भासू देत नाही.

आमच्याकडे तबल्याच्या सोलोला पेटीवर लेहरा धरतात. सोळा मात्रांची एकच ओळ, तासभर, तीच ती. तबलेवाला कायदे मांडतो, रेले वाजवतो, लय दुप्पट-चौपट करतो, आणि पेटीवालीने फक्त सम सांभाळायची. पुन्हा पुन्हा येणारी ओळ आतून कशी लागते हे मला त्यामुळे चांगलं माहीत आहे. पंधरा मिनिटांनी बोटं विचार करायचं थांबवतात, अर्ध्या तासाने ती ओळ आपल्याला वाजवते. पण श्रोते पेटीला विसरतात, आणि विसरावं अशीच तिची जागा असते. तुम्ही ही मांडणी उलटी केलीत. तुमच्याकडे फिरून येणारी ओळ मधोमध बसली आहे आणि बदलण्याचं सगळं काम भोवतालच्या मंडळींवर आहे. पंचवीस मिनिटांनीही त्या म्हाताऱ्याला कुणी विसरू शकत नाही. तो तेच गातो आणि दर वेळी मला त्यात नवं काही सापडतं, कारण खालचा स्वरमेळ सरकलेला असतो.

मदत कशी झाली ते आता सांगते. भजनी मंडळात गाणाऱ्या बायका साठी-सत्तरीच्या. काळी चारमध्ये सुरू केलेला अभंग तिसऱ्या कडव्याला काळी चार आणि तिच्या लगतची खालची पांढरी पाच यांच्या मध्येच कुठेतरी पोचतो. पेटीत तिथे पट्टीच नाही. पेटीचे स्वर घट्ट, ते वाकत नाहीत. अशा वेळी पेटी मोठ्याने वाजवून गाणारीला ओढून आणायचं, अशी सर्वसाधारण रीत आहे, आणि बहुतेक ठिकाणी तीच चालते. तुमची रचना ऐकल्यापासून मी वेगळं करते. चाल वाजवणं थांबवते, भाता हलका करते आणि फक्त षड्ज-पंचम ऐकू येईल न येईल इतका धरते. बाई पुन्हा एखाद्या पट्टीवर स्थिरावली, की ती जिथे आहे तिथे मी जाते. मग तिच्या खालून चाल उचलते. गाणं थांबत नाही, आणि आपण घसरलो असं तिला वाटत नाही. एका आजींना विस्मरणाचा आजार आहे. त्यांना तुकोबांच्या एका अभंगाची एकच ओळ आठवते आणि त्या ती सोडत नाहीत. बाकीच्यांनी आता ती ओळच धरायची ठरवलं आहे. आजी गातात, मी त्यांच्या खाली स्वर बदलत राहते, टाळ हळू चालू असतात. हे करायचं धैर्य तुमच्यामुळे आलं.

तुमच्या एकूण कारकिर्दीकडे पाहिलं की मला हाच स्वभाव सगळीकडे दिसतो. यॉर्कशरमधल्या गूल या बंदराच्या गावात १९४३ साली तुमचा जन्म. शेफील्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलात आणि त्याच शहरात १९६३ ते १९६६ या काळात गिटारवादक डेरेक बेली आणि ड्रमवादक टोनी ऑक्सली यांच्याबरोबर डबल बास वाजवलात. जॅझपासून निघून तुम्ही तिघं पूर्ण मुक्त, आयत्या वेळच्या वादनापर्यंत पोचलात. मग १९६६ मध्ये तुम्ही ते सोडलं, बास बाजूला ठेवला. अशा वादनात संगीतापेक्षा वादकच सतत समोर उभा राहतो, ही तुमची तक्रार होती. आम्ही ज्या परंपरेत वाढलो तिथे समोर बसून त्या क्षणी घडवणं हेच सर्वोच्च मानतात, त्यामुळे तुमचं हे मत मला पूर्ण पटत नाही. पण त्या मतातून तुम्ही कुठे गेलात ते पाहिल्यावर त्याचा आदर वाटतो. १९६८ मध्ये अमेरिकेत प्रयोगशील संगीतकार जॉन केज यांच्याबरोबर काम, आणि परत येऊन पोर्ट्समथच्या कला महाविद्यालयात शिकवणं.

तिथे १९७० साली तुमच्या पुढाकाराने पोर्ट्समथ सिन्फोनिया उभी राहिली. ज्यांना वाद्य येत नाही किंवा जे हातातलं वाद्य नव्याने शिकत आहेत, अशांचा ऑर्केस्ट्रा. संगीतकार ब्रायन ईनो त्यात क्लॅरिनेट वाजवत. लोक हसले, आजही तिची ध्वनिमुद्रणं गंमत म्हणून ऐकली जातात. मला त्यातला नियम महत्त्वाचा वाटतो. तालमीला यायचं, जमेल तितकं नीट वाजवायचं, आणि मुद्दाम चुकायचं नाही. २८ मे १९७४ रोजी हा ऑर्केस्ट्रा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजला. पैसे मोजून आलेल्या श्रोत्यांपुढे, सगळ्यांना पाठ असलेल्या रचना, मनापासून प्रयत्न करत. आमच्या भजनी मंडळातल्या बायकांनाही टाळ धरायला कुणी शिकवलेलं नसतं. त्यांचा प्रयत्न खरा असतो आणि तो तितक्याच मोठ्या सभागृहात ऐकला जावा, असं मला वाटतं.

टायटॅनिकवरच्या रचनेबद्दल थोडक्यात लिहिते, तिच्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री जहाज हिमनगावर आदळलं आणि पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी बुडालं. जहाजावरच्या वॉलेस हार्टली यांच्या बँडमधले आठही वादक गेले. वाचलेले तारायंत्रचालक हॅरल्ड ब्राइड यांनी सांगितलं की बँड शेवटी 'ऑटम' ही सुरावट वाजवत होता. तुम्ही १९६९ मध्ये ही कल्पना मांडली: वादकांनी वाजवणं थांबवलंच नसेल, तर पाण्याखाली ती सुरावट कशी ऐकू येईल? साथ करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न काळजाला भिडावा असा आहे. त्या आठ जणांचं काम प्रवाशांच्या जेवणाला आणि नाचाला सोबत देण्याचं होतं आणि त्यांनी ते अखेरपर्यंत केलं. ही रचना तुम्ही बंद केली नाहीत, हे मला विशेष आवडतं. १९८५ मध्ये जहाजाचे अवशेष सापडल्यावर तुम्ही तिच्याकडे परत गेलात, नवी माहिती आत घेतलीत.

पण मी सर्वांत जास्त वेळा ऐकते ते 'कॅडमन रेक्विएम'. बिल कॅडमन हे तुमचे मित्र आणि ध्वनितंत्रज्ञ. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर विमानातला बॉम्ब फुटला, त्यात ते गेले. पुढच्या वर्षी तुम्ही हिलियर्ड एन्सेम्बलच्या चार पुरुष आवाजांसाठी आणि खर्जातल्या तंतुवाद्यांसाठी ही शोकरचना केलीत. प्रार्थनेच्या रूढ शब्दांबरोबर तुम्ही तिच्यात कॅडमन या सातव्या शतकातल्या यॉर्कशरच्या कवीचं सृष्टिस्तोत्र घेतलंत. मित्राचं आणि कवीचं नाव सारखंच ऐकू येतं, म्हणून मला आधी वाटलं तेवढ्यासाठीच घेतलं असेल. मग त्या कवीची गोष्ट वाचली. तो व्हिटबीच्या मठात गुरं राखायचा. त्याला गाता येत नसे. मेजवानीत वाद्य हातोहात फिरत आपल्याकडे येताना दिसलं की तो उठून गोठ्यात निघून जायचा. एका रात्री स्वप्नात त्याला कुणीतरी म्हणालं, गा. आणि तो गायला. ध्वनितंत्रज्ञ स्वतः गात नाही, दुसऱ्याचा आवाज नीट पोचवतो. अशा माणसाच्या मृत्यूनंतर तुम्ही त्याला गाता न येणाऱ्या कवीचं गाणं दिलंत. यात व्हायोलिन कुठेही वर चढत नाही. सगळं खाली, दाट, आवाजांना पाठीवर घेतल्यासारखं. माझ्या साथीच्या एका तबलेवाल्या मित्राचं निधन झालं तेव्हा मी हेच ऐकत होते.

पुढे तुम्ही पुष्कळ केलंत. नाट्यदिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांच्याबरोबर 'मेडिया' हा ऑपेरा, मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यासाठी 'बायपेड', १९९४ पर्यंत लेस्टरला अध्यापन. टॉमस ट्रॅहर्न या सतराव्या शतकातल्या कवीच्या गद्यावरची 'द फिफ्थ सेंच्युरी' गाणाऱ्या द क्रॉसिंग या वृंदाला २०१८ मध्ये ग्रॅमी मिळालं. बाजूला ठेवलेला बासही तुम्ही पुन्हा हातात घेतलात आणि स्वतःच्या वृंदात मागे उभं राहून वाजवता आहात. जगभर नाव झालेला संगीतकार आपल्याच रचनेत खर्ज धरायला उभा राहतो, हे पाहिल्यावर मला पेटीमागे बसायला फार बरं वाटतं.

एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. 'जीझस ब्लड'च्या १९९३ मधल्या ७४ मिनिटांच्या आवृत्तीत शेवटी अमेरिकन गायक टॉम वेट्स त्या म्हाताऱ्याच्या जोडीने गातात. त्यांचा आवाज मोठा आहे, भाव खरा आहे, आणि या आवृत्तीमुळेच रचना दूरवर पोचली. पण मला तिथे दुसरा गाणारा नको वाटतो. वाद्यांनी जी जागा राखली होती ती गळ्याने भरून जाते. १९७५ मध्ये ईनोंच्या ऑब्स्क्योर लेबलवर आलेली पंचवीस मिनिटांची आवृत्तीच मी इथल्या लोकांना आधी ऐकवते. आमच्या मंडळातल्या बायकांना ऐकवली. इंग्रजी कुणाला येत नव्हतं. एकीने विचारलं, हा कुणाचं भजन गातोय? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पुन्हा लावा.

तो म्हातारा हे संगीत ऐकायला राहिला नाही, त्याआधीच गेला. पण २०१९ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये तुम्ही ही रचना रात्रभर, बारा तास वाजवलीत आणि तिच्यात बेघर राहिलेल्या माणसांनाही सामील करून घेतलंत. त्या रात्रीबद्दल, त्या १३ बारांबद्दल आणि आमच्या आजींची एक ओळ धरून ठेवायला मला शिकवल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. आजी आता दर गुरुवारी येतात. या गुरुवारी त्यांची ओळ मी पांढरी पाचमध्ये धरणार आहे, हल्ली त्या तिथे जास्त रमतात.

आपली,
सांगलीची एक पेटीवाली