मुक्ताला पत्र : दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं वकीलपत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडली होतीस, म्हणून मी वाद घातला नाही. सिनियरांनी दिलेली फाइल तू परत केलीस. "दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला मी सोडवणार नाही, बाबा," म्हणालीस. पोरगा चोवीस वर्षांचा, स्कूटरवरच्या बाईंचा पाय मोडला, आणि तो आता जामिनावर घरी आहे, एवढं तू सांगितलंस. तुझा राग मला आवडला. पण फाइल परत केलीस ते आवडलं नाही. का, ते लिहितोय.

आधी कायदा. तुला पाठ असेल, पण पुस्तकातला कायदा आणि आरोपीच्या आयुष्यात शिरलेला कायदा यांत फरक असतो. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. हे सिग्नल तोडल्यासारखं जागेवर दंड भरून मिटत नाही, मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहावं लागतं. लायसन्सही जाऊ शकतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसेही विमा कंपनी नाकारू शकते, सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये तसा निकाल दिला आहे. तुझ्या फाइलमधल्या पोराला भारतीय न्याय संहितेचं कलम 125 लागलं असेल, हाड मोडलंय म्हणजे तीन वर्षांपर्यंत. बाई दगावल्या असत्या तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत. आणि आपण माणसं मारू शकतो याची जाणीव असूनही त्याने गाडी दामटली असं सरकार पक्षाने सिद्ध केलं असतं, तर सदोष मनुष्यवध, दहा वर्षांपर्यंत. ॲलिस्टर परेरा खटला पुन्हा वाच. 2006 च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर परेराच्या गाडीखाली गेले. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले, हायकोर्टाने तीन वर्षं केली आणि 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. सात माणसं आणि तीन वर्षं. मला ती शिक्षा आजही कमी वाटते.

असं वाटणारा माणूस तीस वर्षं बचावाच्या बाजूने उभा कसा राहतो, हाच तुझा प्रश्न आहे ना?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक टेम्पो ड्रायव्हर आला. हायवेला सायकलवरचा मुलगा गेला होता, कॉलेजात जाणारा. पोलिसांच्या कागदात नेहमीचीच वाक्यं होती : तोंडाला उग्र वास, डोळे तांबारलेले, चाल अडखळती. एवढ्यावर माणूस नशेत होता असं धरता येत नाही, रक्त किंवा लघवी तपासायला हवी, हे सुप्रीम कोर्टाने 1971 मध्येच सांगून ठेवलंय. रक्त तपासलेलं होतं, अहवाल वाईट होता. पण रक्ताच्या बाटलीच्या लेबलवरचा नंबर आणि पाठवणीच्या पत्रातला नंबर जुळत नव्हता. सील कोणाचं, बाटली दोन दिवस कुठे होती, फ्रीजमध्ये की टेबलावर, कोणालाच सांगता येईना. मी उलटतपासणीत तेवढंच विचारलं. दारूच्या आरोपातून तो सुटला, निष्काळजीपणाचा गुन्हा शाबीत झाला आणि सहा महिने झाले.

बाहेर व्हरांड्यात मुलाचे वडील उभे होते. धोतर, हातात पिशवी. ओरडले नाहीत. म्हणाले, "वकीलसाहेब, एवढंच सांगा, तो प्यायला होता का नव्हता?"

मला उत्तर माहीत होतं. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढता येत नाही. त्यांना सांगितलं नाही, तुलाही सांगणार नाही. भरपाईचा दावा वेगळा असतो, त्याला फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. मी त्यांच्या विरुद्धचा वकील, मला सल्ला देता येईना. आवारातल्या, फुकट कायदेशीर सल्ला देणाऱ्या विधी सेवा समितीच्या खोलीपर्यंत त्यांना घेऊन गेलो आणि दाराशीच थांबलो. त्या रात्री जेवलो नाही, तुझ्या आईला विचार.

तरीही तोच खटला पुन्हा आला तर मी तेच प्रश्न विचारीन. कारण त्याच लेबलाच्या चुकीने एखाद्या न प्यायलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याचं रक्त चढू शकतं, आणि ते कोणीतरी विचारल्याशिवाय कळत नाही. बार कौन्सिलने आपल्या वकिलांसाठी केलेल्या नियमांतही हेच आहे : आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचं मत काहीही असो, त्याचा बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कोणालाही शिक्षा होऊ नये.

पण एक रेघ आहे, ती ओलांडू नकोस. कल्याणीनगरचं 2024 चं प्रकरण तुझ्या पुण्यातलंच. मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनियर गेले, आणि नंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. नमुना कसा घेतला हे विचारणं ही वकिली. नमुन्याला हात लावायचा नुसता विचार जरी कोणी अशील तुझ्यासमोर बोलून दाखवू लागला, तरी उठून उभी राहा आणि फाइल तेव्हा परत कर.

तर सिनियरांची माफी माग आणि त्या पोराला बोलावून घे. एकट्याला, बापाला बाहेर बसव. अटक किती वाजता झाली आणि डॉक्टरांनी तपासलं किती वाजता, हे विचार. कायद्याने दोन तासांत तपासणी व्हायला हवी, नाहीतर कोठडीतून सोडावं लागतं. त्याने तो निर्दोष ठरत नाही, पण पोलिसांनी काम कसं केलं ते कळतं. रक्त घेताना स्पिरिटचा बोळा लावला होता का (त्यातही अल्कोहोलच असतं), बाटलीत रक्त खराब होऊ न देणारं सोडियम फ्लोराइड होतं का, पंच कोण होते. सगळं नीट जुळलं, तर खोट्या आशेवर त्याला वर्षानुवर्षं तारखा खायला लावू नकोस. गुन्हा कबूल कर म्हणून सांगणं हेही आपलंच काम आहे, आणि ते जास्त जड जातं. हॉस्पिटलात त्या बाईंचं काय चाललंय हे त्याला माहीत आहे का, तेही विचार. कोर्टाला त्याचा उपयोग असो नसो.

टेम्पोच्या खटल्याच्या नकला कुरिअरने पाठवतोय. माझी उलटतपासणी शेवटी आहे. त्याआधी त्या मुलाचा शवविच्छेदन अहवाल लावलाय, पाच पानं आहेत. आधी ती वाच.

तुझा,
बाबा