नाकापासून सुरुवात कर

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "झालं काहीच नाही गं, नुसतं जड जड वाटतं." तेव्हा मी उपदेश गिळला, तो आता इथे करते. पत्र निदान अर्ध्यावर सोडता येतं, आईचा फोन मध्येच ठेवता येत नाही.

रोज थोडा वेळ बाहेर जात जा. व्यायाम म्हणून नाही, पावलं मोजायला तर मुळीच नाही. फोटोही नकोत. तुझे डोळे दिवसभर स्क्रीनपुढे राबतात, सुट्टी त्यांनाच द्यायची आहे.

म्हणून सुरुवात नाकापासून. कोरड्या जमिनीवर पहिल्या सरी पडल्या की जो वास सुटतो, त्यात मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं जिओस्मिन नावाचं रसायन असतं. थेंब आपटला की मातीच्या बारीक छिद्रांतली हवा बुडबुड्यांनी वर येते, फुटते आणि वास उधळते. जिओस्मिन हवेत इतकं नगण्य असतं, तरी माणसाचं नाक ते हेरतं. शिवाय बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या थांब्यातून जातात. वासाचा निरोप मात्र तो टप्पा टाळून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत पोचतो. म्हणून तर एखाद्या वासाने कारण कळायच्या आत डोळे भरून येतात. आले तर येऊ देत. पाऊस नसेल तर गळलेलं पान चुरगळून हुंग.

मग डोळे मिटून सगळ्यात लांबचा आवाज शोध. खोडाच्या उन्हातल्या बाजूला हात लाव, मग सावलीतल्या. चवीचं राहू दे. अनोळखी पान तोंडात घालायचं नाही, हे तू रांगत होतीस तेव्हापासून सांगते आहे.

"इथे झाडं कुठली?" असं म्हणशील. रॉजर उलरिच या संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासून 1984 मध्ये निष्कर्ष छापले. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हा डोळ्यांचाच पुरावा झाला, हे तू पकडशीलच! रुग्णही थोडेच होते. पण मला यातून एवढं घ्यायचंय की खिडकीभर हिरवंही वाया जात नाही. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या 2019 च्या अभ्यासात आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणारे लोक आपण बरे आणि समाधानी असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. ते दोन तास सलग की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. आता मुळात बरी असलेली माणसंच जास्त बाहेर पडत असतील, हेही आहेच. तरी दहा-पंधरा मिनिटांनी तुझं नुकसान काय होणार?

मात्र हे औषध नव्हे. झोप-भूक उडाली असेल, आठवडे गेले तरी कशातच मन लागत नसेल, तर झाडाकडे नाही, डॉक्टरांकडे जा. मला सांगून जा किंवा न सांगता, पण जा.

तुझी,
आई