मल्टिक्लासला चिंध्या म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'बाल्डर्स गेट ३' हा व्हिडिओ गेम नव्याने खेळायला घेणाऱ्यांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख आवडला, पण मल्टिक्लासवरचा परिच्छेद मनाला लागला. दोन क्लास (पात्राचे पेशे, जसे योद्धा किंवा जादूगार) एकत्र करणे म्हणजे 'एक ना धड भाराभर चिंध्या', नवख्यांनी त्या वाटेला जाऊच नये, असे त्यात म्हटले आहे. मी लेखापाल आहे, वय सत्तेचाळीस. १९९८ चा पहिला 'बाल्डर्स गेट' कॉलेजात असताना खेळले, तेव्हापासून क्लास एकत्र करत आले आहे. चिंध्या माझ्याही झाल्या, आणि त्या कशामुळे होतात ते कळायला मला फार वेळ लागला. नव्या खेळाडूंना ते आधीच कोणी सांगावे, एवढ्यासाठी हे पत्र.

धाकटा भाऊ आणि मी दर शनिवारी रात्री ऑनलाइन एकत्र खेळतो. तो बार्बेरियन (रानटी योद्धा), मी फायटर (साधा योद्धा). मला तलवारही हवी होती आणि जादूही, म्हणून तीन लेव्हल (अनुभवाने चढायच्या पायऱ्या) फायटरच्या झाल्यावर दोन विझार्डच्या (जादूगाराच्या) घेतल्या. दोघेही पाचव्या लेव्हलला पोहोचलो आणि गॉब्लिनांच्या तळावर गेलो. समोरच्या गॉब्लिनचे सहा हिट पॉइंट (प्राण) उरले होते. माझा वार बसला, चार गेले, दोन राहिले आणि माझी पाळी संपली. भावाने त्याच्या पाळीत कुऱ्हाड दोनदा चालवली. हेडफोनमधून त्याचा आवाज आला, "ताई, तुझा दुसरा वार कुठंय?"

दुसरा वार नव्हताच. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक यांना तो त्या एकाच क्लासच्या पाचव्या लेव्हलला मिळतो. तीन अधिक दोन ही बेरीज तिथे चालत नाही. निव्वळ विझार्ड पाचव्या लेव्हलला फायरबॉल हा आगीचा मोठा मंत्र टाकतो, माझ्याकडे पहिल्या पातळीचे तीन स्पेल स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) होते. फीटसुद्धा (खास कौशल्य) क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळते, तीही हुकली. दोन्हीकडे ऐन मोक्याच्या पायरीच्या अलीकडे मी थांबले होते. मल्टिक्लास फसतो तो बहुतेक वेळा असाच.

दुसरी गोष्ट क्रमाची. ही कुठे नीट लिहिलेली दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्याआधीच्या एका खेळात मी सुरुवात विझार्डने केली होती आणि फायटर नंतर घेतला होता. नंतर घेतलेला फायटर हलके आणि मध्यम चिलखत वापरू देतो, जड चिलखत नाही. फायटरकडून ते हवे तर पहिल्याच लेव्हलला फायटर असावे लागते. सेव्हिंग थ्रोचेही (संकट टाळण्यासाठीच्या फाशांच्या फेकीचेही) तसेच, त्यात कोणत्या गुणांना जोर मिळतो ते पहिल्या क्लासवरून कायमचे ठरते. फायटरला त्यात कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) मिळते आणि मार बसल्यावर कॉन्सन्ट्रेशन (चालू मंत्र टिकवणारी एकाग्रता) टिकते की तुटते, ते याच थ्रोवर ठरते. त्या खेळात मी भावावर हेस्ट (वेग वाढवणारा मंत्र) टाकला, पुढच्याच क्षणी मला बाण लागला, कॉन्सन्ट्रेशन तुटले. हेस्ट असा मध्येच सुटला की ज्याच्यावर टाकलेला असतो त्याची पुढची पाळी जाते. भाऊ शत्रूंच्या घोळक्यात नुसता उभा राहिला आणि पडला. तेच दोन क्लास उलट क्रमाने घेतले असते तर तो थ्रो जमण्याची शक्यता बरीच वाढली असती.

तिसरी गोष्ट चटकन सांगते: दोन्ही क्लासची जादू एकाच गुणावर चालणारी असावी. विझार्डला इंटेलिजन्स (बुद्धी) लागतो, तर पॅलाडिन, सोर्सरर, बार्ड आणि वॉरलॉक या चौघांना करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप).

गॉब्लिनांच्या त्या फजितीनंतर मी कॅम्पमधल्या विदर्सला (पैसे घेऊन क्लास पुन्हा निवडू देणारे पात्र) शंभर सोन्याची नाणी दिली, पहिल्या लेव्हलपासून पुन्हा सुरुवात केली आणि पॅलाडिन (शपथ घेतलेला योद्धा) झाले. सात लेव्हल पॅलाडिन, मग पाच वॉरलॉक (एखाद्या शक्तीशी करार करून जादू मिळवणारा), मिळून बारा. याच्यापुढे या गेममध्ये लेव्हल नाही. पॅलाडिनचा स्माइट (जादूचा जोर लावलेला वार) स्पेल स्लॉट खातो आणि वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) परत भरतात. एकाची भूक दुसरा भागवतो. शिवाय वॉरलॉकच्या तिसऱ्या लेव्हलला पॅक्ट ऑफ द ब्लेड (शस्त्राशी बांधणारा करार) घेतला की तलवारही करिश्म्यावर चालते. शपथेला बांधलेली बाई पुढे एका अनोळखी शक्तीशी करार करते, ही गोष्ट मला एका क्लासमध्ये सांगताच आली नसती. याला चिंध्या कसे म्हणायचे?

१९९८ च्या खेळात हे प्रकरण फार कठोर होते. माणसांना फक्त ड्युअल क्लास करता यायचा: जुना क्लास सोडायचा आणि नवा क्लास त्याच्या लेव्हलच्या पुढे जाईपर्यंत जुनी कौशल्ये बंद. एल्फ वगैरेंना दोन क्लास एकदम घेता येत, पण अनुभवाचे गुण दोघांत वाटले जात. चूक झाली तर जुना सेव्ह उघडण्यावाचून इलाज नव्हता. तेव्हा 'जपून' हा सल्ला योग्यच होता. आज शंभर नाण्यांत चूक पुसता येत असताना 'जाऊच नका' का म्हणायचे?

माझी एक तक्रार गेम बनवणाऱ्यांकडेही आहे. एक्सप्लोरर या सर्वांत सोप्या मोडमध्ये मल्टिक्लास बंदच ठेवला आहे. जिथे चुकीची किंमत सर्वांत कमी, तिथेच करून बघायची मुभा नाही! २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कस्टम मोड आला, त्यात तो चालू ठेवून बाकीचा खेळ सोपा करता येतो. आपल्या लेखात याचा उल्लेख हवा होता.

लेखकांना विनंती, की पुढच्या भागात एक छोटी चौकट द्यावी: मारामारीचा क्लास असेल तर आधी पाचवी लेव्हल गाठा, पहिला क्लास चिलखत आणि सेव्हिंग थ्रो बघून निवडा, दोन्हींचा गुण एक ठेवा, आणि विदर्ससाठी शंभर नाणी बाजूला काढून ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक