पत्रिका न्यायला आलात आणि अडलेलं मशीन सोडवून गेलात

सर, नमस्कार.

बहिणीच्या लग्नपत्रिकांसाठी तुम्ही बेळगावहून निपाणीला आमच्या डीटीपीच्या दुकानात आला होतात. एक बाजू मराठी, दुसरी कन्नड. आमच्याकडे अशा पत्रिका नेहमीच्या. मुलगी इकडची, सोयरीक गोकाककडची. मराठी मी टाइप करतो, कन्नड आमच्या ताई. मशीन मात्र एकच, लिनक्सवर चालणारं.

आधी आम्ही एकाच खात्यात काम करायचो. पण इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत दोन्ही लिप्यांचा 'क' एकाच कळीवर! बोटांना काही कळत नाही. भाषा बदलायची राहिली की मराठी मजकुरात कन्नड अक्षर. एकदा वधूच्या वडिलांच्या नावातच घुसलं, शंभर पत्रिका रद्दीत गेल्या. मग खाती वेगळी केली, तर दरवेळी लॉगआउट. उघडलेलं सगळं बंद करा, पुन्हा उघडा. तुम्ही बाकावर बसून हे तीनदा बघितलंत आणि न राहवून म्हणालात, "लॉगआउट कशाला करता हो? दोघं एकदम बसा की."

मला वाटलं, चेष्टा करताय.

कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन दाबायला लावलंत. पडदा काळा झाला. माझा जीव वर-खाली, कारण तुमचीच पत्रिका सेव्ह केलेली नव्हती. तिथं ताईंना लॉगिन करायला लावून नवा डेस्कटॉप सुरू करायचा हुकूम सांगितलात: स्टार्टएक्स, जागा, दोन आडव्या रेघा, जागा, कोलन, एक. मी घाईत एकाऐवजी शून्य मारलं, तर मशीन म्हणालं, शून्यावर सर्व्हर आधीच चालू आहे. तो माझाच होता. एक मारल्यावर ताईंचा डेस्कटॉप आला, आणि कंट्रोल, आल्टसोबत एफ-सात दाबल्यावर माझी पत्रिका जशीच्या तशी!

सर्व्हर म्हणजे लांब कुठंतरी असतो असं मी समजत होतो. एक्समध्ये, म्हणजे लिनक्सवर डेस्कटॉप आणि खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत, तो आपल्याच टेबलावर असतो, पडदा, कळफलक, माउस सांभाळतो आणि आपले प्रोग्राम हे त्याचे गिऱ्हाईक, हे तुम्ही चहा निवेपर्यंत समजावलंत. दोन रेघांच्या पुढचं सगळं त्या सर्व्हरसाठी. आणि खरी गंमत म्हणजे कळफलकाची भाषा प्रत्येक सर्व्हरची स्वतंत्र. माझ्याकडे मराठी, ताईंकडे कन्नड, बदलायची गरजच नाही. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेली ही व्यवस्था, तिची अकरावी आवृत्ती १९८७ची, आणि तिच्यावर निपाणीत पत्रिका निघताहेत.

मेनूतल्या 'युजर बदला'नंही हेच होतं, हे तुम्ही शेवटी सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर मी नुसतं बटण शिकलो असतो. आता निदान काळ्या पडद्याला घाबरत नाही.

ताईंची मोठी पीडीएफ तिकडे बनत राहते, तोवर मी इकडे टाइप करतो. दोघांनी ब्राउझर उघडला की मात्र चार जीबी रॅमचं मशीन रडतं, म्हणून एकानं बंद ठेवायचा असं ठरवलंय. भांडण तेवढ्यावरूनच होतं.

पत्रिकांचे पैसे तुम्ही मोजून दिलेत, शिकवल्याचे घेतले नाहीत. तुमचं मराठी आणि माझं कन्नड, दोन्ही अर्धंच, तरी काही अडलं नाही. मनापासून आभार, सर.

जाता जाता एक शंका. ताई विचारताहेत, एफ-चारवर त्यांच्या मुलाला बसवता येईल का? मी म्हटलं, आधी रॅम. पण त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, सरांनाच विचारा म्हणतात.

तुमचा,
निपाणीचा डीटीपीवाला