आई-बाबांना, जुहूच्या होस्टेलवरून

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आईचा आवाज बदलतो आणि माझं पुढचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. बँकेचा राजीनामा मागच्या महिन्यातच दिला. एसएनडीटीच्या जुहू कॅम्पसमध्ये आहारशास्त्राच्या एमएस्सीला प्रवेश घेतला, वर्ग सुरू होऊन पंधरवडा झाला. आधी विचारलं नाही, ते मनाला फार लागून राहिलंय.

बाबा, पैशांचा घोर लावून घेऊ नका. सरकारी विद्यापीठ आहे, फी खासगी कॉलेजांच्या मानाने कमी. दोन वर्षं पुरतील एवढे साठवलेत. तुमच्या औषधांचे पैसे पाच तारखेला येतच राहतील. आणि आजी ज्या अण्णा कर्व्यांच्या हिंगण्याच्या शाळेत शिकली, त्यांनीच 1916 साली हे विद्यापीठ काढलं. ती असती तर तिने गल्लीभर पेढे वाटले असते.

बाबा, उपासाने तुमची साखर उतरली, त्या एकादशीचं पुन्हा काढत नाही. पण दवाखान्यातून सोडताना दिलेला तो छापील तक्ता अजून डोळ्यांपुढे आहे. ओट्स, ब्राउन ब्रेड, ब्रोकोली. भाकरीचं नावच नाही. आई, तू तो दोनदा वाचलास, घडी घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलास आणि म्हणालीस, "मग यांना जेवायला काय करू?" तेव्हाच माझं ठरलं होतं.

परवा प्रॅक्टिकलला पीठ तोलून भाकरी थापली. तुझ्या मापाच्या एका भाकरीला 80 ग्रॅम पीठ लागलं. शंभर ग्रॅम ज्वारीत जवळपास 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे बाबा, भाकरीने साखर वाढत नाही हे काही खरं नाही. सोडू नका, पण दोनच्या जागी दीड खा, सोबत घट्ट वरण आणि पालेभाजी भरपूर. तव्यावर ती टम्म फुगली आणि मला एकदम तुझा पापुद्रा आठवला गं. आत तेल, शेंगांची चटणी, आणि तू फुंकर घालून भरवायचीस. डोळे पुसूनच वजन लिहिलं.

आता नीट ऐका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही उपास नाही. घाम सुटला, हात थरथरले, साखर 70 च्या खाली गेली, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, आधी 108 ला फोन. आई, तुझं मीठ दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅम, एक छोटा चमचा. लोणचं-पापड त्यातच आले. रागावू नकोस, लोणचं बंद कर म्हणत नाही, एक फोड घे. आणि गुडघ्याला रोज शेक दे.

दिवाळीला लातूर एक्स्प्रेसने येते. बाबा, पहाटे स्टेशनवर यायचं नाही, मी रिक्षाने येईन. खणातला तो कागद काढून ठेव, आई. तू दिवसभरात काय काय रांधतेस ते सांग, मी वहीत लिहून घेईन आणि त्यातूनच बाबांचा नवा तक्ता करू.

तुमची,
सोनी